बंबावरून निघालेली अंत्ययात्रा

दरवर्षी १४ एप्रिल रोजी यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, उमरखेड या गावांतून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीच्या मिरवणुका निघतात, निळी निशाणे फडकतात, चौकाचौकांत थंड पाण्याचे व मठ्ठ्याचे वाटप चालते, आणि या साऱ्या गजबजाटात नगरपरिषदेचा तांबडा बंब बंदोबस्ताचा एक भाग म्हणून रस्त्याच्या कडेला उभा असतो. बंबावर बसलेल्या माणसांचाही हाच दिवस आहे, हे त्या गर्दीतील फार थोड्यांना ठाऊक असते. सकाळीच केंद्राच्या आवारात ती माणसे रांगेत उभी राहिलेली असतात, दोन मिनिटे स्तब्धता पाळलेली असते, छातीवर अग्निशमन सप्ताहाचे कागदी निशाण टाचलेले असते. आणि मग कोणी काही विचारण्यापूर्वीच ती आपल्या नेमणुकीच्या जागी निघून गेलेली असतात. एका तारखेवर दोन स्मरणे यावीत हा योगायोग खरा. परंतु गावगाड्याचा इतिहास ज्याने थोडाफार चाळला आहे, त्याला या योगायोगाची दखल घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही.

वऱ्हाडातील जुन्या खेड्यात आग ही उन्हाळ्याची ठरलेली पाहुणी होती. भिंती कुडाच्या, कुडात तुराट्या आणि पऱ्हाट्या, छपरावर गवत, गोठ्याला लागून कुटाराचा ढीग आणि कडब्याची गंजी. वैशाखात चुलीतली एक ठिणगी उडाली की अर्धी आळी राख होई आणि सकाळी पाटील-पटवाऱ्यापुढे पंचनाम्याला बसावे लागे. अशा वेळी आरोळी ठोकणारा, विहिरीपासून गोठ्यापर्यंत घागरींची रांग लावणारा आणि दावी कापून गुरे मोकळी करणारा पहिला माणूस बहुधा जागल्या किंवा गावकामगार महार असे, कारण रात्री जागे राहणे हेच त्याचे काम ठरलेले होते. त्याच माणसाच्या शिरावर दुसरेही काम होते: गावात कोणी मेले तर परगावच्या आप्तांकडे मृत्यूची वर्दी घेऊन धावणे आणि सरणाची लाकडे वाहून नेणे. जिवंतांची घरे आगीतून सोडविणारा आणि मेलेल्यांसाठी आग सिद्ध करणारा असा हा दुहेरी सेवक; होळीच्या मानापासून पोळ्याच्या तोरणापर्यंत ज्या गावात प्रत्येक मानाची उतरंड कसोशीने पाळली जात होती, त्या गावाने त्याच्या वाट्याला मान म्हणून काही ठेवले नाही. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी विधेयक आणले, तेव्हा त्यांचा प्रहार याच व्यवस्थेवर होता: काम अमर्याद, मोबदला नाममात्र आणि प्रतिष्ठा शून्य.

मृत्यूला मान देण्याची रीत आपल्याकडे नव्हती असे मात्र कोणी म्हणू नये. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांच्या वेशीवर, मारुतीच्या पारापाशी, शेंदूर थापलेले वीरगळ उभे आहेत. खालच्या चौकटीत झुंज, तिच्यावर वीराला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि माथ्यावर कलश व चंद्रसूर्य. गायींचा कळप सोडविताना पडलेला एखादा अनामिक गावकरीदेखील त्या शिळेवर कैलासास पोचलेला आढळतो. श्रद्धा आणि सन्मान यांची इतकी स्वच्छ सांगड आपल्या शिल्पकारांनी दुसरीकडे क्वचितच घातली असेल. परंतु या शिळेवर चढण्यासाठी हातात शस्त्र असावे लागे. वीरगळाशेजारीच पुष्कळदा दुसरी शिळा असते, कोपरात दुमडलेला, चुडा भरलेला हात कोरलेली, ती सतीची. आगीत गेलेल्या, किंवा घातल्या गेलेल्या, स्त्रीसाठी आपण शिळा उभी केली. आगीत शिरून दुसऱ्याला बाहेर काढणाऱ्यासाठी उभी करण्याचे सुचले नाही. आपल्या समाजाच्या मानाच्या कल्पनांवर याहून कठोर टीका मला करता येणार नाही.

पुढे कापूस आला आणि आगीचे स्वरूपच पालटले. कापूस वऱ्हाडात पूर्वीही होता, पण १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटून मँचेस्टरच्या गिरण्यांचा कच्चा माल आटला आणि इंग्रज व्यापाऱ्याची नजर वऱ्हाडाच्या काळ्या मातीवर खिळली. १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेल्या या मुलखात १८६४ साली एक नवा जिल्हा वेगळा काढण्यात आला, जो पुढे वणी जिल्हा म्हणून ओळखला गेला आणि १९०५ पासून यवतमाळ जिल्हा झाला. १८६७ मध्ये मुंबईचा लोहमार्ग नागपूरपर्यंत पोचला. मागाहून मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी अरुंद मापाची गाडी आली, जिला लोक आजही मायेने शकुंतला म्हणतात आणि जिचे मूळ प्रयोजन उतारू नेण्यापेक्षा गाठी नेण्याचे अधिक होते. जिन आणि प्रेस यांची धुराडी उभी राहिली, अडते आणि दलाल आले, हंगामात कापसाने भरलेल्या बंड्यांच्या रांगा बाजारापुढे लागू लागल्या. पूर्वी आगीत एखाद्याचे घर जात असे. आता एका रात्रीत शंभर कुटुंबांचा हंगाम जाण्याची सोय झाली. १९७२ मध्ये एकाधिकार कापूस खरेदी योजना आली तेव्हा तर खरेदी केंद्रांच्या उघड्या आवारात पांढऱ्या शुभ्र गंज्या टेकड्यांसारख्या चढू लागल्या.

कापसाची आग ही लाकडाच्या किंवा तेलाच्या आगीहून निराळ्या स्वभावाची असते. कपाशीबरोबर एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा जिनात गेला की घर्षणाने ठिणगी पडते, ती रुईच्या पुंजक्यात दडते आणि पुंजका तसाच पुढे प्रेसमध्ये जाऊन सुमारे १७० किलोच्या गाठीत आवळला जातो. बाहेरून गाठ थंड, पांढरी, निर्दोष. आत निखारा मुंगीच्या गतीने पोखरत असतो. ज्वाळा नाही, आवाज नाही, केवळ एक करपट वास आणि कोठेतरी तपकिरी डाग. वरून ओतलेले पाणी दाबलेल्या रुईत शिरत नाही, म्हणून पट्ट्या तोडून गाठ उलगडावी लागते, आणि उलगडताच आत हवा शिरून ती भडकते. धुराने डोळे गेलेले असताना, आकड्याने रुई ओढत, गाठीमागून गाठ मोकळी करीत राहण्याचे हे काम कित्येकदा दोन दोन दिवस चालते. विझली म्हणून बंब परतावा आणि पहाटे पुन्हा धूर दिसावा, हा नित्याचा अनुभव. या कामात शौर्याचा देखावा मुळीच नाही. अंगभर चिकटलेला काळा कापूस आणि रात्रभराचा खोकला एवढेच त्याचे दृश्य फळ.

ज्या १८६१ सालाने यवतमाळच्या कापसाचे भाग्य फिरविले, त्याच सालच्या २२ जून रोजी लंडनमध्ये टेम्सकाठच्या टूली स्ट्रीटवरील वखारींना आग लागली. ताग, अंबाडी, कापूस, साखर आणि चरबी यांनी भरलेल्या त्या वखारी दोन आठवडे धुमसत राहिल्या. लंडनच्या अग्निशामक दलाचा प्रमुख जेम्स ब्रेडवुड आपल्या थकलेल्या माणसांना ब्रँडीचा घोट वाटत फिरत असताना एक भिंत कोसळून तिच्याखाली गाडला गेला. त्याचे दल सरकारचे नव्हते. विमा कंपन्यांनी आपला माल वाचविण्यासाठी ठेवलेले ते पगारी लोक होते. तरीही २९ जूनला त्याची अंत्ययात्रा निघाली तेव्हा ती दीड मैल लांब होती, दुकाने बंद होती, गिरिजाघरांच्या घंटा वाजत होत्या, आणि त्याच्या अंगरख्याची बटणे काढून त्याच्या सहकाऱ्यांना आठवण म्हणून वाटून देण्यात आली होती. प्राचीन रोममध्ये आगीवर पहारा करणारे लोक मुक्त केलेल्या गुलामांतून भरले जात आणि ठरावीक वर्षांच्या चाकरीनंतर त्यांना नागरिकत्व मिळे. म्हणजे मान मिळवायचा तर आधी आगीत उमेदवारी. ब्रेडवुडच्या शवपेटीमागून शहर चालले त्या दिवशी हा हिशेब प्रथमच उलटा झाला. चार वर्षांत कायदा होऊन लंडनचे दल सार्वजनिक झाले. आपल्या मुंबईचे दलही १८८७ मध्ये पोलिसांच्या हाताखालून निघून नगरपालिकेकडे आले.

१४ एप्रिल १९४४. दुसरे महायुद्ध चालू होते आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाची बोट लागली होती, जिच्या पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा, सोन्याच्या विटा आणि कराचीला चढविलेल्या ८,७०० कापसाच्या गाठी एकत्र होत्या. कापूस आणि स्फोटके एका फळीच्या अंतरावर ठेवू नयेत हे समजायला दारूगोळ्याचे शास्त्र शिकावे लागत नाही. जिनातला कोणताही हमाल ते सांगू शकला असता. दुपारी दुसऱ्या क्रमांकाच्या तळखणातून धूर येऊ लागला. बंब आले, नळ्या सोडल्या गेल्या, शेकडो टन पाणी आत गेले. पण निखारा गाठींच्या आत होता आणि पाणी गाठींच्या बाहेर. बोटीत काय भरले आहे याची कल्पना आल्यावरही दलाची माणसे धक्क्यावरून हटली नाहीत. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावर स्फोटाची नोंद झाली, गोदीच्या मनोऱ्यावरचे घड्याळ पहिल्या स्फोटाच्या क्षणाला थांबले, तेरा बोटी नष्ट झाल्या, शेकडो लोक मेले, आणि त्यांत अग्निशामक दलाचे ६६ लोक होते.

युद्धकालीन निर्बंधांमुळे या वार्तेला काही काळ वर्तमानपत्राचे तोंडही दिसले नाही, आणि मृतांपैकी कित्येकांची ओळख पटण्याजोगे काही उरले नव्हते. ज्याला मूठभर राखही लाभली नाही, त्याच्या अंत्यसंस्कारात श्रद्धेने काय करावयाचे, हा प्रश्न त्या घरांतून कसा सोडविला गेला असेल याची कल्पनाच केलेली बरी. आपल्या धर्मशास्त्रात देह न सापडल्यास दर्भाचा पुतळा करून त्यास अग्नी देण्याचा विधी आहे. मुसलमान बांधवांत काही मतांनुसार देह समोर नसतानाही जनाजाची नमाज अदा होते, जीत रुकू नाही, सजदा नाही, केवळ उभे राहणे आहे. त्या ६६ जणांची सामुदायिक आठवण पुढे राष्ट्रीय अग्निशमन दिनाच्या रूपाने उभी राहिली. १९४४ च्या त्या दिवशी बाबासाहेब आपल्या ५३ व्या वाढदिवशी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते, हेही जाता जाता नमूद करण्याजोगे आहे.

स्वातंत्र्यानंतर या चाकरीला शास्त्राची बैठक मिळाली. १९५६ मध्ये रामपूरला स्थापन झालेले राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय दुसऱ्याच वर्षी नागपुरास आले, आणि साऱ्या देशाचे अग्निशमन अधिकारी विदर्भाच्या उन्हात शिडी चढावयास शिकू लागले. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवेचा समावेश केला. अर्थात ती जबाबदारी नगरसंस्थांकडे, म्हणजे पुसदसारख्या नगरपरिषदेच्या तिजोरीकडे, सोपविण्याचा मार्ग झाला. तिजोरीचा आकार मुंबईचा वेगळा आणि पुसदचा वेगळा. आगीला मात्र हा भेद कळत नाही.

९ मे २०१५ रोजी मुंबईच्या काळबादेवीत गोकुळ निवास या जुन्या इमारतीस आग लागली. रहिवासी बाहेर काढले गेले, अधिकारी आत राहिले आणि इमारत कोसळली. संजय राणे व महेंद्र देसाई तेथेच गेले; सुधीर अमीन पाच दिवसांनी आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर २४ मे रोजी रुग्णालयात मरण पावले. शिपायापासून प्रमुखापर्यंतची उतरंड आगीच्या तोंडाशी नेमकी उलटी होते, सर्वांत वरचा अधिकारी सर्वांत पुढे उभा असतो, हे मुंबईने त्या मे महिन्यात पाहिले.

आगीत गेलेल्या अग्निशामकाच्या अंत्ययात्रेची रीत आता बरीचशी ठरून गेली आहे. फुलांनी मढविलेला बंब हाच रथ. ज्या पायरीवर उभा राहून तो माणूस घंटेसरशी आगीकडे निघत असे, तिच्यावर आज गणवेशातील सहकारी उभे. शासकीय इतमाम मंजूर झाला असेल तर पार्थिवावर तिरंगा येतो, त्याचा केशरी पट्टा शिराकडे असतो, आणि ध्वजसंहितेप्रमाणे तो चितेवर किंवा कबरीत जाऊ द्यावयाचा नसतो. हवेत झडणाऱ्या फैरी पोलिसांच्या असतात, कारण अग्निशामकाजवळ बंदूक नसते. सरकारी विधी येथे संपतो आणि मग कोणी वडीलधारा पुढे होऊन मुलाच्या खांद्यावर पाण्याने भरलेले मडके ठेवतो, त्याला छिद्र पाडले जाते, आणि पाण्याची धार सोडीत तो मुलगा चितेभोवती फिरतो. ज्याचा बाप आयुष्यभर आगीभोवती पाणी टाकीत हिंडला, त्याच्या बाबतीत हा विधी पाहताना जमलेल्या लोकांना भाष्यकाराची गरज पडत नाही. ज्या अग्नीशी वैर केले त्याच्याच स्वाधीन त्याला कसे करावे, अशी शंका एखाद्या तार्किकाला येईल. ऋग्वेदाने मात्र हवी वाहून नेणारा अग्नी आणि प्रेत खाणारा क्रव्याद अग्नी यांत फार पूर्वीच भेद केलेला आहे, आणि घर जाळणाऱ्या आगीला तर कोणत्याच विधीत आमंत्रण नाही. स्मशानातल्या माणसांना हे सूक्त ठाऊक नसते. गंजी जळत असताना रात्रभर आपल्या आवारात राबलेला माणूस कोण होता, हे त्यांना ठाऊक असते, आणि अडत्यापासून हमालापर्यंत सगळे तेवढ्यासाठी आलेले असतात. जागल्याच्या मरणाला गाव आले नव्हते; बंबवाल्याच्या मरणाला येते. या फरकाला शंभर वर्षे लागली.

‘शहीद’ हा दर्जा कोणाला द्यावा याची व्याख्या सरकारदरबारी नाही, हे केंद्र शासनाने संसदेत अनेकदा सांगितले आहे; तेव्हा लहान नगरपरिषदेतील फायरमनच्या वाट्याला इतमाम येतो की नाही, हे वरिष्ठांच्या आदेशावर आणि कधी कधी लोकप्रतिनिधीच्या खटपटीवर अवलंबून राहते. कंत्राटावर घेतलेल्याची गोष्ट तर त्याहून अवघड. तेरावा उलटला की सर्वसाधारण सभेत शोकप्रस्ताव येतो, सेवापुस्तकात अखेरची नोंद पडते, आणि कायम चाकरीतला माणूस असेल तर घरात अनुकंपा नियुक्तीच्या अर्जाची चर्चा सुरू होते. अर्ज एकानेच करावयाचा असतो, बाकीच्या वारसांनी संमतीचे प्रतिज्ञापत्र द्यावयाचे असते, आणि नोकरी गट ‘क’ वा ‘ड’ मधली मिळते. लिपिकाचे टेबल की पुन्हा बंब, हा प्रश्न आईपुढे तेव्हा येतो, आणि ती कोणते उत्तर देते हे त्या अर्जावर, पदाच्या नावापुढे लिहिलेले असते.