साप्ताहिकांचा वाचक : पत्रांतला आणि पत्रांबाहेरचा

मराठी नियतकालिकांचा इतिहास म्हणून आपण बहुधा संपादकांचाच इतिहास लिहितो. अंक कोणी काढला, कधी काढला, किती वर्षे चालवला, कर्ज किती झाले आणि शेवटी बंद कधी पडला, एवढे सांगितले की प्रकरण संपते. वाचक या इतिहासात आला तर खपाच्या आकड्यापुरता येतो. निदान साप्ताहिकांच्या बाबतीत हा अन्याय आहे, असे माझे मत आहे. दैनिकाचा वाचक संध्याकाळपर्यंत अंक विसरतो. मासिकाच्या वाचकाचा राग महिनाभरात निवतो. साप्ताहिकाच्या वाचकाला मात्र बोलायला सात दिवस मिळतात आणि बोललेले छापून यायला पुढचा अंक असतो. अंक हातोहात फिरतो, त्यावर वाद होतो, कोणी तरी पोस्टकार्ड लिहितो. संपादकाला त्या पोस्टकार्डाची दखल घ्यावी लागते. म्हणून साप्ताहिक हे एका परीने संपादक आणि वाचक यांनी मिळून लिहिलेले असते.

या दुसऱ्या लेखकाचा माग काढायला गेले की पहिली अडचण साधनांची येते. गेली काही वर्षे मी मराठी साप्ताहिकांच्या जुन्या फायली चाळतो आहे. ग्रंथालयांनी सहा-सहा महिन्यांचे अंक बांधून ठेवले, हे त्यांचे उपकारच. पण बांधणी करताना जाडी कमी व्हावी म्हणून बाइंडर मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकतो आणि कडा यंत्राखाली कापतो. मुखपृष्ठाबरोबर अंकाचे रंगरूप जाते आणि कडांबरोबर समासात पेन्सिलीने लिहिलेले शेरे जातात. याउलट रद्दीत मिळालेला सुटा अंक फाटका असला तरी बोलका असतो. मुखपृष्ठावर चहाच्या कपाचे वर्तुळ, वर्गणीदाराच्या पत्त्याची चिठ्ठी, एखाद्या परिच्छेदाशेजारी ठसठशीत उद्गारचिन्ह. बांधीव खंडात लेखक शाबूत राहतो. वाचक कापला जातो.

सुरुवात जुनी आहे. भाऊ महाजनांनी १८४१ मध्ये मुंबईत ‘प्रभाकर’ हे साप्ताहिक काढले. त्यात १८४८ ते १८५० या काळात एका वाचकाची पत्रे छापून आली. वाचक सरकारी नोकरीत होता, पत्रे लिहू लागला तेव्हा वय अवघे पंचवीस. सही ‘लोकहितवादी’ अशी होती. गोपाळ हरि देशमुखांची ती १०८ पत्रे ‘शतपत्रे’ म्हणून आपण आज अभ्यासतो, विद्यापीठांत शिकवतो. पण ती जन्मली संपादकाला लिहिलेली पत्रे म्हणून, हे सहसा लक्षात राहत नाही. आधुनिक मराठी विचारगद्याचा एक पाया साप्ताहिकाच्या पत्रव्यवहारात घातला गेला. ‘वाचकांची पत्रे’ हा मजकूर जागा भरण्यासाठी असतो, असे मानणाऱ्या उपसंपादकांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

वाचकाला लेखाचा अर्थ काय लागला, हा प्रश्न मराठीत एकदा थेट न्यायालयात गेला. ‘केसरी’ तेव्हा दर मंगळवारी निघणारे साप्ताहिक होते. १२ मे १९०८ चा ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जूनचा ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या लेखांबद्दल लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. जुलैत मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे तो चालला. टिळकांनी स्वतःच बचावाचे भाषण केले. त्यात त्यांचा एक मोठा मुद्दा भाषांतराचा होता : मूळ मराठी शब्दाचा वाचकाला जो अर्थ लागतो, तो सरकारी इंग्रजी तर्जुम्यात राहिलेला नाही. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. मराठी लेख मराठी वाचकाच्या मनावर काय परिणाम करतो, हे ज्यांना ठरवायचे होते ते त्या लेखाचे वाचकच नव्हते. सात विरुद्ध दोन असा निर्णय झाला आणि टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. ज्यांना मूळ लेखाचा अर्थ लागला होता त्यांतल्या अनेकांनी आपले मत दुसऱ्या रीतीने नोंदवले; मुंबईच्या गिरण्या सहा दिवस बंद राहिल्या. पोस्टकार्ड न लिहिताही वाचक उत्तर देतो, ते असे.

आमच्या मराठवाड्यात ही देवाणघेवाण उशिरा सुरू झाली. निजामी राजवटीत सभा घ्यायची तरी परवानगी लागे. मग छापील शब्दाची काय कथा! आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये हैदराबादहून ‘मराठवाडा’ साप्ताहिक सुरू केले आणि लवकरच त्यावर बंदी आली. बंदी घातलेल्या पत्राचा वाचक संपादकाला उघड पत्र लिहीत नाही. तो अंक लपवून पुढच्या हातात देतो. तेच त्याचे मत असते. हैदराबाद मुक्त झाल्यावर ‘मराठवाडा’ तेव्हाच्या औरंगाबादेत आला आणि अनंत भालेराव यांच्या संपादनाखाली या भागाचा आवाज बनला. पण पहिल्या काळातल्या वाचकाचे कागदावर काही उरले नाही. वाचकांच्या इतिहासात अशा मौनाचीही एक नोंद असावी लागते.

मुखपृष्ठाचा विषय काढला की ‘मार्मिक’ टाळता येत नाही. १३ ऑगस्ट १९६० रोजी यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते या व्यंगचित्र साप्ताहिकाचे प्रकाशन झाले. बाळ ठाकरे ‘फ्री प्रेस जर्नल’मधली नोकरी सोडून आलेले, सोबत बंधू श्रीकांत, नाव सुचवले वडील प्रबोधनकारांनी. इतर साप्ताहिकांत मुखपृष्ठ हे लेखांवरचे वेष्टन असे. इथे मुखपृष्ठावरचे व्यंगचित्र हाच त्या आठवड्याचा अग्रलेख होता. ज्याला अंक विकत घेणे परवडत नसे तोही स्टॉलसमोर उभा राहून तो अग्रलेख ‘वाचू’ शके. वाचायला अक्षरांची गरज नाही आणि चर्चेला अंक हातात असण्याचीही गरज नाही, असा वाचकवर्ग मराठीत यापूर्वी क्वचितच तयार झाला असेल.

याच साप्ताहिकात ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली मुंबईतल्या कार्यालयांमधल्या अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या जाऊ लागल्या. मथळा टोमणा होता. वाचक थंड बसणार नाही हे गृहीत धरलेले होते. पुढे तो ‘वाचा आणि उठा’ असा बदलला. १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली आणि ३० ऑक्टोबरला शिवाजी पार्कवर तिचा पहिला मेळावा भरला. साप्ताहिकाच्या वाचकवर्गातून संघटना उभी राहिल्याचे इतके सरळ उदाहरण दुसरे सापडणे कठीण. त्या वाचकांचे दुःख खोटे नव्हते. नोकरीच्या रांगेत उभ्या असलेल्या मराठी तरुणाला आपले म्हणणे कोणी तरी छापते आहे, याचेच अप्रूप होते. पण त्या याद्यांचा आणखी एक वाचक होता : ज्याचे नाव यादीत आहे तो. तोही मुंबईतच राहत होता, त्याची मुलेही इथल्याच शाळेत जात होती. त्याच्या घरी तो अंक कसा वाचला गेला, हे आपल्या इतिहासात कुठे आलेले नाही. नावांची यादी हा वरवर सर्वांत साधा मजकूर, पण वाचकांची दोन गटांत विभागणी करण्याची ताकद अग्रलेखापेक्षा त्यात जास्त असते.

आता ज्या प्रकरणासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. ‘साधना’ साप्ताहिक साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू केले. वाचक ध्येयवादी, राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारातला, शिक्षकवर्गातला. अंक घरातल्या मुलांच्या हाती निर्धास्तपणे द्यावा असा. यदुनाथ थत्ते संपादक असताना, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, १५ ऑगस्ट १९७२ चा अंक दलितांच्या प्रश्नावर काढायचे ठरले आणि त्याची जबाबदारी तरुण डॉक्टर अनिल अवचट यांच्याकडे आली. त्या अंकात राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख होता. ढाले लघुनियतकालिकांच्या चळवळीतून आलेले. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर स्थापन झाली होती.

लेखामागे एक घटना होती आणि ती आमच्या भागातली. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात मे १९७२ मध्ये दोन दलित स्त्रियांना विवस्त्र करून त्यांची विटंबना करण्यात आली. पुणे जिल्ह्यातल्या बावड्यात दलितांवर बहिष्कार पडला होता, तोही याच सुमाराचा. राष्ट्रध्वजाचा अवमान केला तर शिक्षा किती आणि दलित स्त्रीची अब्रू घेतली तर किती, अशी तुलना ढाल्यांनी केली आणि तिच्या ओघात ध्वजाविषयी अतिशय जहाल शब्द वापरले. महाराष्ट्रभर खळबळ उडाली. दुर्गा भागवतांनी जाहीर आणि तीव्र हरकत घेतली. या दुर्गाबाई म्हणजे तीनच वर्षांनी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून आणीबाणीला आव्हान देणाऱ्या दुर्गाबाई, हे विसरून चालणार नाही. तेव्हा हा वाद स्वातंत्र्याचे मित्र आणि शत्रू यांच्यातला नव्हता. दोन्ही बाजूंना ‘साधना’चेच वाचक होते, आणि म्हणूनच तो इतका जिव्हारी लागला. एका बाजूला तिरंग्यासाठी तुरुंगात गेलेली पिढी, दुसऱ्या बाजूला त्या तिरंग्याखाली आपल्याला काय मिळाले असे विचारणारी.

माझा प्रश्न वेगळा आहे. पन्नास वर्षांनी या अंकाची आठवण निघते तेव्हा काय आठवते? ध्वजाविषयीचे ते वाक्य. ब्राह्मणगावचे नाव फार तर तळटीपेत येते. लेखकाने प्रश्न विचारला होता शिक्षेच्या मापाचा. चर्चा झाली भाषेच्या मापाची. तो प्रश्न जरा कोरडेपणाने, कायद्याची पुस्तके समोर ठेवून पाहू. राष्ट्रध्वजाच्या अवमानाविरुद्धचा कायदा संसदेने नुकताच, डिसेंबर १९७१ मध्ये केला होता; कमाल शिक्षा तीन वर्षे कैद. स्त्रीच्या विनयभंगाला भारतीय दंडविधानाच्या कलम ३५४ खाली तेव्हा कमाल दोन वर्षे. अस्पृश्यताविषयक गुन्ह्यांच्या १९५५ च्या कायद्यात सहा महिने किंवा ५०० रुपये दंड, किंवा दोन्ही. म्हणजे ढाल्यांचे शब्द कोणाला कितीही खटकोत, त्यांनी दाखवलेली तफावत कायद्याच्या पानांवरच छापलेली होती. वादाच्या गदारोळात ती पाने उघडून ही बेरीज-वजाबाकी कोणी केली असती, तर चर्चेला दुसरे वळण लागले असते.

ते वळण यायला सतरा वर्षे लागली. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचे कपडे उतरवून विवस्त्र धिंड काढणे हा स्वतंत्र गुन्हा म्हणून नोंदला गेला. कोणत्याही स्त्रीला विवस्त्र करण्याचा गुन्हा दंडविधानात वेगळा दाखल झाला तो २०१३ मध्ये, तीन ते सात वर्षांच्या शिक्षेसह. एका साप्ताहिकाच्या लेखामुळे हे कायदे झाले, असे मी म्हणणार नाही. त्यामागे कितीतरी आंदोलने आणि कितीतरी गावांची दुःखे आहेत. पण १९७२ च्या त्या अंकातला प्रश्न बरोबर होता, याची कबुली शेवटी संसदेने दिली, एवढे खरे.

‘साधना’च्या संपादकांचे श्रेय इथे मोकळेपणाने द्यायला हवे. आपल्या वाचकाला आवडेल ते छापणे सोपे असते. आपल्या वाचकाला आतून हलवेल ते छापणे आणि मग त्याचा राग अंगावर घेणे, हे साप्ताहिकाचे खरे काम. त्या राग आलेल्या वाचकांतही मला दोष दिसत नाही. न दुखावलेला वाचक पत्र लिहीत नाही. अडचण एवढीच, की दुखावलेला वाचक ज्या शब्दाने दुखावला त्याच्याभोवतीच फिरत राहतो आणि तो शब्द ज्या दुखण्यातून आला तिथपर्यंत पोचत नाही.

तिथपर्यंत पोचण्याचा एक प्रयोग आमच्याच शहरात झाला. डॉ. गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ साप्ताहिक नव्हते, त्रैमासिक होते. पण मिलिंद महाविद्यालयाच्या नागसेनवनातून उठलेल्या चर्चेची ती पुढची पायरी. पानतावण्यांनी ‘लेखक-वाचक मेळावे’ भरवले. त्या नावातली जोडरेघ मला फार महत्त्वाची वाटते. लिहिणारा वर आणि वाचणारा खाली अशी मांडणी तिथे नव्हती. आज वाचकांत बसलेला मुलगा उद्या अंकात कवी म्हणून छापला जाई. पत्र लिहून उत्तराची वाट पाहण्याऐवजी वाचक समोरच उभा राही. दलित साहित्याची एक अख्खी पिढी घडण्यात या प्रथेचा वाटा आहे.

तेव्हा ज्यांच्या माळ्यावर, पेटीत, कपाटाच्या तळाशी साप्ताहिकांचे जुने अंक असतील त्यांना एवढेच सांगणे : ते बांधायला देऊ नका. सुटेच ठेवा, मुखपृष्ठासह, समासातल्या रेघोट्यांसह. वडिलांनी किंवा आजोबांनी संपादकाला लिहिलेल्या आणि कधीच न छापलेल्या पत्राची नक्कल त्यात निघाली, तर ती अंकाहून मोलाची समजा. संपादकांनी काय लिहिले, ते ग्रंथालयात सापडेल. लोकांनी ते कसे घेतले, ते फक्त घराघरांतच उरले आहे. आणि रद्दीचा भाव वाढला की सर्वांत आधी तेच बाहेर जाते.