गोल्डन ग्लोब शर्यत, १९६८–६९ : पूर्वतयारी

शिडाच्या नौकेतून एकट्याने, कोणत्याही बंदरात न थांबता व बाहेरून मदत न घेता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची पहिली शर्यत. फ्रान्सिस चिचेस्टर यांनी १९६६–६७ मध्ये केवळ सिडनी येथे मुक्काम करून एकट्याने प्रदक्षिणा पूर्ण केली होती. त्यानंतर मार्च १९६८ मध्ये लंडनच्या संडे टाइम्स या वृत्तपत्राने ही शर्यत जाहीर केली. प्रथम परतणाऱ्यास चषक व सर्वांत कमी वेळ घेणाऱ्यास ५,००० पौंड अशी पारितोषिके होती.

१ जून ते ३१ ऑक्टोबर १९६८ या मुदतीत केव्हाही निघण्याची मुभा होती. फार लवकर निघणाऱ्यास दक्षिण महासागरात हिवाळी वादळे गाठत, तर फार उशीर करणाऱ्यास केप हॉर्नपाशी पुढील हिवाळा गाठण्याची भीती असे. त्यामुळे तयारीस किती काळ द्यावयाचा, हाच स्पर्धकांपुढील पहिला प्रश्न ठरला. सुमारे वर्षभराचे अन्न, पाणी, सुटे भाग व औषधे बरोबर न्यावी लागत. शिवाय झोपेच्या वेळी नौका दिशेवर ठेवणारे स्वयंचलित सुकाणू आवश्यक असे.

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांना नव्या नौकेसाठी पैसा मिळाला नाही. म्हणून त्यांनी मुंबईत कुलाबा येथे बांधलेली आपली ‘सुहैली’ ही लहान, संथ सागवानी नौकाच सज्ज केली. मुंबईहून केपटाउनमार्गे इंग्लंडला त्यांनी ती स्वतः नेलेली असल्याने तिचे गुणदोष त्यांना ठाऊक होते. वाटेत सांधे गळू लागले, तेव्हा समुद्रात बुडी मारून त्यांनी त्यांवर कॅनव्हास व तांब्याची पट्टी ठोकली. पुढे सुकाणूयंत्र व बिनतारी संचही निकामी झाले.

याउलट डोनल्ड क्रोहर्स्ट यांची तीन धडांची ट्रायमरॅन नौका सप्टेंबरअखेर पाण्यात उतरली आणि अपुऱ्या सज्जतेनिशी ३१ ऑक्टोबर या अखेरच्या दिवशी निघाली. कर्जाच्या बोजामुळे माघार घेणे त्यांना अवघड होते. नौका गळू लागल्यावर अटलांटिकमध्येच राहून ते खोटी प्रगती कळवीत राहिले. ते मागोमाग येत आहेत अशा समजुतीने नायजेल टेटली यांनी आपल्या जीर्ण नौकेस अधिक ताण दिला व मे १९६९ मध्ये ती बुडाली, टेटली बचावले. १० जुलै १९६९ रोजी क्रोहर्स्ट यांची नौका निर्मनुष्य आढळली.

नऊ स्पर्धकांपैकी केवळ नॉक्स-जॉन्स्टन यांनी ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी शर्यत पूर्ण केली. रोख पारितोषिक त्यांनी क्रोहर्स्ट यांच्या कुटुंबास दिले.

२०१८ मध्ये ही शर्यत जुन्या पद्धतीच्या साधनांनिशी पुन्हा सुरू झाली. तीत अभिलाष टॉमी यांनी ‘सुहैली’च्या धर्तीवर गोव्यात बांधलेली ‘तुरीया’ नेली. परंतु हिंदी महासागरातील वादळात तिच्या डोलकाठ्या मोडल्या व जखमी टॉमी यांची सुटका करावी लागली. २०२२–२३ च्या शर्यतीत मात्र त्यांनी दुसरा क्रमांक मिळविला.