कुंपणाचे कायदे

अटलांटाहून ईशान्येकडे निघालेल्या ८५ क्रमांकाच्या महामार्गालगत, नॉरक्रॉस गावापाशी, पाण्याच्या दोन अजस्र टाक्या कित्येक वर्षे उभ्या होत्या. ‘ग्विनेट थोर आहे’ असे एकीवर रंगवलेले होते, ‘यश इथे नांदते’ असे दुसरीवर. जॉर्जिया राज्यातल्या ग्विनेट काउंटीची ती जाहिरात होती, आणि आकडे तिच्या बाजूने होते. १९७० साली इथे जेमतेम ७२,००० माणसे राहत होती. १९९० साली साडेतीन लाख झाली आणि २०२० च्या जनगणनेत संख्या साडेनऊ लाखांच्या वर गेली. १९८०च्या दशकात देशातल्या सर्वांत झपाट्याने वाढणाऱ्या काउंट्यांत तिचे नाव घेतले जाई. त्या दशकाच्या अखेरीलाही इथल्या दहा रहिवाशांपैकी सुमारे नऊ जण गोरे होते. २०१० साली टाक्या पाडल्या गेल्या, आणि त्याच वर्षीच्या जनगणनेत गोऱ्यांचे प्रमाण निम्म्याखाली आलेले दिसले. पुढच्या दहा वर्षांत ते एक तृतीयांशावर उतरले. बाकीचे दोन तृतीयांश कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि आशियाई लोकांत असे विभागले गेले आहेत की आज तिथे कोणत्याच एका समाजाचे बहुमत नाही.

ग्विनेट हे एकटे उदाहरण नाही. अमेरिकेतल्या मोठ्या महानगरांभोवतीच्या उपनगरांत १९९० साली गोरेतरांचे प्रमाण सुमारे एक पंचमांश होते. २०२० साली ते ४५ टक्क्यांच्या आसपास पोचले. आपल्याकडे उपनगर म्हटले की अंधेरीची दाटी आणि लोकलची गर्दी आठवते. अमेरिकी उपनगर याच्या उलट: एकेका कुटुंबाचे सुटे घर, पुढे हिरवळ, मोटारीवाचून गत नाही, आणि शाळा, कर व बांधकामाचे नियम ठरवणारी स्वतःची स्थानिक सत्ता. अर्धशतकापूर्वी हे जग जवळजवळ संपूर्ण गोरे होते. ते बदलले याचे स्पष्टीकरण बहुतेक जण बाजाराच्या नावाने देतात. स्वस्त घरे आणि नोकऱ्या जिथे, तिथे माणसे जाणारच, असे म्हणतात. माझे म्हणणे वेगळे आहे. उपनगर गोरे राहिले ते कायद्याने, त्याची दारे उघडली ती कायद्याने, आणि आत आलेली माणसे तिथली होतात की केवळ तिथे राहतात, हेही शेवटी स्थानिक कायदे आणि कचेऱ्याच ठरवतात.

सुरुवात कुंपणापासून करू. महामंदीच्या काळात, १९३४ साली, गृहकर्जांना सरकारी हमी देणारी फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन ही संस्था स्थापन झाली. या हमीमुळे बँका लांब मुदतीचे, हलक्या हप्त्यांचे कर्ज देऊ लागल्या आणि सामान्य पगारदाराला घर परवडू लागले. पण हमी देण्यायोग्य मालमत्ता कोणती, हे ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमपुस्तिकेने वस्तीत वंशांची सरमिसळ होणे धोक्याचे मानले आणि गोऱ्यांखेरीज इतरांना घर न विकण्याच्या अटी करारात घालण्याची शिफारस केली. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर विल्यम लेव्हिट यांच्या कंपनीने १९४७ ते १९५१ या काळात सतरा हजारांहून अधिक घरे उभारली. साऱ्या देशाने उपनगराचा नमुना म्हणून जे लेव्हिटटाउन डोळ्यांपुढे ठेवले, ते हेच. तिथल्या सुरुवातीच्या करारांत कॉकेशियन वंशाखेरीज कोणी घरात राहू नये असे कलम होते. सूट होती ती फक्त घरगडी आणि मोलकरणींना. आघाडीवर लढून आलेल्या कृष्णवर्णीय सैनिकालाही या दारातून प्रवेश नव्हता. अशा अटी न्यायालये अमलात आणणार नाहीत असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली दिला, तरी दलालांच्या चालीरीती आणि शेजाऱ्यांची दहशत पुरेशी होती. १९५७ साली पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या लेव्हिटटाउनमध्ये विल्यम आणि डेझी मायर्स हे पहिले कृष्णवर्णीय कुटुंब राहायला आले, तेव्हा कित्येक रात्री त्यांच्या घरासमोर जमाव जमत राहिला.

हा इतिहास फक्त काळ्या-गोऱ्यांचा आहे असे समजणाऱ्या भारतीय वाचकाने १९२३ सालाकडे वळून पाहावे. त्या वर्षी फेब्रुवारीत भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. आधी नागरिक झालेल्यांचे नागरिकत्वही काढून घेतले जाऊ लागले. पेशावरहून १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोला आलेले वैष्णोदास बगाई यांनी दुकान थाटले होते, नागरिकत्व मिळवले होते. त्यांच्या कुटुंबाने शेजारच्या बर्कलीत घर घेतले, तर शेजाऱ्यांनी त्या घराला कुलूप घालून त्यांना आत जाऊच दिले नाही. थिंद निकालानंतर नागरिकत्व गेले, आणि कॅलिफोर्नियाच्या जमीनविषयक कायद्यामुळे मालमत्ताही गेली. १९२८ साली बगाईंनी आत्महत्या केली. त्यांच्यापाशी घर घेण्याचे पैसे होते आणि विकणाराही मिळाला होता. व्यवहार पुरा होऊनही घर त्यांचे झाले नाही. बाजार सारे काही ठरवतो असे म्हणणाऱ्यांना माझे पहिले उत्तर या कुटुंबाच्या वाट्याला आलेले कुलूप हेच आहे.

ते कुलूप दोन कायद्यांनी काढले, आणि दोन्ही नागरी हक्कांच्या चळवळीच्या रेट्यातून आले. ऑक्टोबर १९६५ मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी सही केलेल्या स्थलांतर कायद्याने १९२०च्या दशकापासून चालत आलेली राष्ट्रवार कोट्याची पद्धत मोडली. १९४६ पासून भारताच्या वाट्याला वर्षाला शंभर जागा होत्या. आता पूर्व गोलार्धातल्या प्रत्येक देशासाठी कमाल मर्यादा वीस हजारांची झाली. देशाची वांशिक घडण बदलणार नाही, असे या कायद्याचे पुरस्कर्ते तेव्हा सांगत होते. नातेवाइकांना दिलेले प्राधान्य युरोपीयांच्याच पथ्यावर पडेल असा हिशेब काहींनी मांडला होता. तो चुकला. दुसरा कायदा एप्रिल १९६८ चा. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात त्यावर सही झाली आणि घर विकताना किंवा भाड्याने देताना वंश, धर्म वा मूळ देश पाहून भेदभाव करणे बेकायदा ठरले. पहिल्या कायद्याने देशाचे दार उघडले, दुसऱ्याने गल्लीचे. १९६५ नंतर आलेल्या मराठी डॉक्टर-इंजिनिअरांनी आधीच्या स्थलांतरितांसारखी शहरातल्या दाट वस्त्यांत पिढी घालवली नाही. त्यांतले बरेच जण लवकरच उपनगरात घर घेऊ शकले. १९८१ साली उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांना जोडणाऱ्या बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना झाली आणि पुढे उपनगरांमधून सुटीच्या दिवशी मराठी शाळा भरू लागल्या. त्यामागे या माणसांची जिद्द आहेच. पण बगाईंपाशी जिद्द कमी नव्हती. मधल्या काळात बदलला तो कायदा.

यावर रास्त आक्षेप असा की कायदा दार उघडतो, माणसाला आत ढकलत नाही. ग्विनेटच का, पलीकडची काउंटी का नाही, हे तर जागेच्या भावांनीच ठरवले. हे मी मान्य करतो. ग्विनेट वाढले तेच मुळी अटलांटा सोडून जाणाऱ्या गोऱ्या कुटुंबांमुळे. १९७१ साली महानगराच्या सार्वजनिक वाहतूक योजनेत सामील व्हायला ग्विनेटच्या मतदारांनी नकार दिला, आणि त्यामागे शहरातले कृष्णवर्णीय रेल्वेने येतील ही भीती मोठी होती. पुढे महामार्गालगत तरुण नोकरदारांसाठी अपार्टमेंटचे ताफे उभे राहिले. इमारती जुन्या झाल्या, भाडी उतरली, आणि बांधकामाच्या व सेवाक्षेत्रातल्या नोकऱ्यांसाठी आलेल्या मेक्सिकन, व्हिएतनामी, कोरियन कुटुंबांना तिथे जागा मिळाली. बफर्ड हायवेवरच्या एकेका दुकानरांगेत तीन-तीन लिप्यांतल्या पाट्या दिसू लागल्या. १९८४ साली उघडलेल्या ग्विनेट प्लेस मॉलमधले एक मोठे दुकान बंद पडल्यावर तिथे कोरियन सुपरमार्केट आले. एवढे सारे बाजाराने घडवले. पण हीच घरे, हीच भाडी १९५० साली असती, तर करारातल्या एका कलमाने ती या माणसांपुरती नसल्यात जमा केली असती. बाजाराची चावी फिरते ती कायद्याने बसवलेल्या कुलपातच.

दुसरा आक्षेप भाषेचा आहे, आणि तो अधिक मनापासून घेतला जातो: शंभर भाषा बोलणाऱ्या गावात समाज उरेल का? या वादाची पहिली मोठी लढाई लॉस एंजेलिसच्या पूर्वेला मॉन्टेरी पार्कमध्ये झाली. तैवान आणि हाँगकाँगच्या चिनी कुटुंबांनी १९७०च्या दशकापासून इथे घरे घेतली आणि १९९० च्या जनगणनेत हे अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचे आशियाई बहुमताचे पहिले शहर ठरले. लिली ली चेन १९८३ साली महापौर झाल्या होत्या; १९८६ मध्ये त्या निवडणूक हरल्या, आणि इंग्रजी हीच अधिकृत भाषा असावी असा ठराव सिटी कौन्सिलने केला. जुन्या रहिवाशांच्या सगळ्याच तक्रारी द्वेषातून आल्या होत्या असे म्हणणे अन्यायाचे होईल. सुट्या घरांच्या गल्लीत बहुमजली इमारती उठत होत्या, रस्ते तुंबत होते, जागेच्या किमती आवाक्याबाहेर जात होत्या. पण बिल्डरवरचा राग पाटीवरच्या अक्षरांवर निघाला. ठराव काही महिन्यांतच मागे घ्यावा लागला. दोन वर्षांनी जूडी चू कौन्सिलवर निवडून आल्या आणि पुढे अमेरिकी काँग्रेसमध्ये गेल्या. शहर मोडले नाही. इंग्रजीलाही धक्का लागला नाही, कारण स्थलांतरितांच्या नातवंडांची भाषा बहुतेक वेळा इंग्रजीच होते, हे अभ्यासकांना पुन्हा पुन्हा दिसले आहे. सुटीच्या दिवशी मराठी शाळा चालवणाऱ्या पालकांना हे कोणी वेगळे सांगायला नको. त्यांची काळजी इंग्रजी टिकेल का ही नाही, मराठी टिकेल का ही आहे. शिवाय बहुभाषकता अमेरिकेला परकी नाही. ज्या १९२३ साली थिंद यांना नागरिकत्व नाकारले गेले, त्याच वर्षी जून महिन्यात त्याच न्यायालयाने नेब्रास्कातल्या रॉबर्ट मेयर या शिक्षकाची शिक्षा रद्द केली. दहा वर्षांच्या मुलाला जर्मन वाचायला शिकवले, हा त्यांचा गुन्हा होता.

दार उघडल्यावरचा प्रश्न मात्र या दोन्ही आक्षेपांहून अवघड आहे. लोकसंख्या आधी बदलते, सत्ता मागाहून, आणि मधल्या काळात जुन्या नियमांची कळ ज्यांच्या हातात असते तेच पाहुणा कोण आणि घरधनी कोण हे ठरवतात. ग्विनेटमध्ये गोऱ्यांचे बहुमत २०१० पर्यंत सरले होते, तरी काउंटीच्या कारभारी मंडळावर गोरेतर सदस्य पहिल्यांदा निवडून आले ते २०१८ साली. दरम्यान याच काउंटीतल्या लिलबर्न गावात २००७ साली बोचासणवासी स्वामिनारायण संस्थेचे भव्य मंदिर दिमाखात उभे राहिले. पण त्याच गावात शिया मुस्लिमांच्या प्रार्थनाकेंद्राला जमीनवापराच्या नियमांवर बोट ठेवून परवानगी नाकारली गेली. केंद्रीय न्याय खात्याने २०११ साली दावा लावला तेव्हा तडजोड होऊन ती मिळाली. वंशाचे नाव घेता येत नाही तिथे पार्किंगचे आणि जमिनीच्या आकाराचे नाव घेता येते. याच्या उलट दिशेचा पुरावाही इथलाच आहे. मतदान हक्क कायद्यात १९७५ साली भाषिक अल्पसंख्याकांसाठी घातलेल्या तरतुदीखाली डिसेंबर २०१६ मध्ये ग्विनेट ही स्पॅनिशमध्येही मतपत्रिका देणे बंधनकारक असलेली जॉर्जियातली पहिली काउंटी ठरली. एका छापील कागदाने वर्षानुवर्षे कर भरणाऱ्या माणसाला सांगितले की हे गाव तुझेही आहे.

कोणी म्हणेल, एका काउंटीत राहणे म्हणजे एकत्र राहणे नाही. हा सर्वांत खरा आक्षेप आहे. महामार्गालगतच्या जुन्या अपार्टमेंटमधला मजूर आणि उत्तरेकडच्या नव्या बंगल्यातला अभियंता दोघेही जनगणनेत ‘विविधता’ म्हणून मोजले जातात, पण त्यांची मुले एका बाकावर बसतीलच असे नाही. एकविसाव्या शतकात अमेरिकी उपनगरांतल्या गरिबांची संख्या शहरांतल्या गरिबांपेक्षा जास्त झाली आहे. पण हा आक्षेप माझा मुद्दा पुढेच नेतो, कारण ही नवी दरीही नियमांनीच राखली आहे: किती जमिनीवर एकच घर बांधता येईल, अपार्टमेंट कुठे चालतील, शाळेची हद्द कुठून जाईल, बस कुठपर्यंत येईल. वंशाचे कलम करारातून गेले. जमिनीच्या आकाराचे कलम राहिले, आणि त्याचा लाभ आता आपल्यासारखे सुस्थितीतले स्थलांतरितही घेतात. ज्या कुंपणाने बगाईंना बाहेर ठेवले त्याच्या आत आल्यावर ते तसेच राहू देणे, ही आपल्या पूर्वसुरींशी प्रतारणा आहे.

वाहतुकीचा प्रश्न याची साक्ष देतो. १९७१ नंतर १९९० मध्ये, मग २०१९ मध्ये, २०२० मध्ये थोडक्या मतांनी आणि २०२४ मध्ये पुन्हा, सार्वजनिक वाहतुकीच्या विस्ताराला ग्विनेटने नकार दिला. पहिल्या नकारातली भीती शेवटच्या नकारात तशीच होती असे म्हणता येणार नाही; मतदार बदलले होते, आणि वाढत्या कराची धास्ती सर्व रंगांच्या घरांत होती. पण ज्याच्याकडे मोटार नाही त्याच्या दृष्टीने निकाल एकच. शहरातल्या माणसाने इथे येऊ नये म्हणून आखलेले गाव आज तिथेच राहणाऱ्या माणसाला कामावर पोचू देत नाही. अध्यक्षांच्या दोन सह्यांनी उपनगराचे दार उघडले. पण आतल्या वाटा काउंटीच्या मंडळात, शाळेच्या समितीत आणि कोणी फारसे फिरकत नाही अशा सार्वमतांच्या दिवशी आखल्या जातात. ग्विनेटच्या लाखो लोकांना परस्परांचे शेजारी व्हायचे असेल, तर त्यांना तिथेच जाऊन बसावे लागेल.