फुफ्फुसाच्या कर्करोगाची पूर्वतपासणी

फुफ्फुसाच्या कर्करोगाची पूर्वतपासणी म्हणजे कोणतेही लक्षण नसलेल्या, परंतु रोगाचा धोका अधिक असलेल्या व्यक्तीच्या छातीची कमी किरणोत्सर्गाच्या सीटी स्कॅनद्वारे केली जाणारी तपासणी होय. तिचे लाभ आहेत, तशीच हानीही आहे. म्हणून ती करावी की नाही, हा निर्णय रुग्णाने दोन्ही बाजू समजून घेऊन डॉक्टरांच्या साहाय्याने घेणे अपेक्षित असते. दीर्घकाळ खोकला, थुंकीतून रक्त किंवा विनाकारण वजन घटणे अशी लक्षणे असल्यास मात्र पूर्वतपासणीचा प्रश्नच उरत नाही. अशा व्यक्तीने विनाविलंब डॉक्टरांकडे जाणे आवश्यक असते.

लाभ आणि हानी

अमेरिकेत ५५ ते ७४ वर्षे वयाच्या, दीर्घकाळ धूम्रपान केलेल्या ५३,४५४ व्यक्तींवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. छातीचा क्ष-किरण काढलेल्या गटात दर हजारी सुमारे २१, तर सीटी स्कॅन केलेल्या गटात सुमारे १८ व्यक्ती या कर्करोगाने दगावल्या. ‘मृत्यू २० टक्क्यांनी घटले’ व ‘हजारांत तिघे वाचले’ ही एकाच निष्कर्षाची दोन रूपे आहेत. रुग्णापुढे दोन्ही ठेवणे न्याय्य ठरते. सीटी गटात हजारी सुमारे ३६५ जणांना कर्करोग नसताना संशयाचा अहवाल मिळाला आणि त्यांपैकी सुमारे २५ जणांना शरीरात उपकरण घालून तपासणी करून घ्यावी लागली. साध्या क्ष-किरण पूर्वतपासणीने मृत्यू घटत नाहीत, असे त्याच वर्षी दुसऱ्या अमेरिकी चाचणीत दिसून आले.

पात्रता

अमेरिकेच्या २०२१ च्या शिफारशीनुसार ५० ते ८० वर्षे वयाच्या, रोज एक पाकीट याप्रमाणे २० वर्षे किंवा तितके धूम्रपान केलेल्या आणि अद्याप ते चालू असलेल्या अथवा १५ वर्षांच्या आत सोडलेल्या व्यक्ती पात्र ठरतात.

ग्रामीण महाराष्ट्राचा संदर्भ

पुणे जिल्ह्यातील शिरूर, दौंड यांसारख्या तालुक्यांना हे निकष जसेच्या तसे लावता येत नाहीत. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करत, तर २४.४ टक्के तंबाखू, मशेरी इत्यादी धूररहित प्रकार वापरत. धूररहित तंबाखूचा मुख्य धोका तोंडाच्या कर्करोगाचा आहे. चुलीच्या धुराचा धोका पाकिटांच्या हिशोबात धरला जात नाही. क्षयरोगाचे जुने व्रण स्कॅनमध्ये गाठीसारखे दिसू शकत असल्याने खोट्या संशयाची शक्यताही वाढते. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची पूर्वतपासणी आहे, फुफ्फुसाची नाही.

आरोग्याची माहिती गावातच पोहोचवण्याची परंपरा या भागात आहे. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने १९७० च्या दशकात गावातील आरोग्यसेवकांवर आधारलेले ग्रामीण आरोग्यकार्य उभे राहिले.

निर्णयापूर्वीचे प्रश्न

माझा धोका किती? पूर्वी क्षयरोग झाला होता का? संशय आल्यास पुढील तपासण्या कोठे होतील, खर्च किती येईल? रोग आढळल्यास शस्त्रक्रिया सोसण्याइतकी प्रकृती आहे का? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर ‘नको’ म्हणणे हाही माहितीपूर्ण निर्णयच असतो. निर्णय कोणताही असो, तंबाखू सोडण्याला पूर्वतपासणी पर्याय ठरत नाही. त्यासाठी १८००-११२-३५६ ही राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनीसेवा उपलब्ध आहे.