औषध घ्यायचं, पण कधी?

सकाळी बोरिवली लोकल पकडायची घाई, नाश्त्याला दांडी आणि वैद्यांनी दिलेलं चूर्ण बॅगेत तसंच. ‘दुपारी घेईन, काय फरक पडतो?’ आज याच प्रश्नाचा इतिहास बघूया.

‘शेननोंग बेनत्साओ चिंग’ हा चीनचा औषधी वनस्पतींवरचा सुमारे दोन हजार वर्षं जुना ग्रंथ. त्यात सांगितलंय, आजार छातीच्या वर असेल तर आधी जेवण, मग औषध. पोटात असेल तर आधी औषध, मग जेवण. हातापायांत असेल तर सकाळी उपाशीपोटी. हाडांत मुरला असेल तर रात्री, पोटभर जेवून. पुढे तिकडे ‘कोंबडा आरवण्याचं चूर्ण’ नावाचं औषधच आलं. पहाटे घ्यायचं, म्हणून हे नाव!

आता आपल्याकडे या. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त औषधाच्या दहा वेळा आहेत. उपाशीपोटी, जेवणाआधी, जेवताना मध्येच, घासाघासाला, झोपताना वगैरे. मानेच्या वरच्या दुखण्यांना झोपतानाची वेळ चांगली मानलीय. या ग्रंथावर 13व्या शतकात टीका लिहिली देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रीने. हो, तोच हेमाडपंत, ज्याचं नाव आपण दगडी देवळांना देतो! ती टीका 1939 साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने मूळ ग्रंथासोबत छापली.

गंमत बघा, या वेळा ठरतात सूर्यावर आणि जेवणावर. घड्याळाचा आकडा कुठेच नाही.

2017 चं वैद्यकाचं नोबेल मिळालं हॉल, रोसबॅश आणि यंग यांना. शरीरातलं घड्याळ पेशींमध्ये कसं चालतं, हे त्यांनी फळमाश्यांवर शोधलं. कोलेस्टेरॉलची सिम्वास्टॅटिन गोळी रात्री देतात, कारण शरीर कोलेस्टेरॉल रात्री जास्त बनवतं.

मग जुने ग्रंथ बरोबर ठरले का? थांबा, एवढी घाई नको. वेळेला महत्त्व आहे, हा विचार जुना आणि दमदार. पण कुठल्या काढ्याला कुठली वेळ, हे एकेक करून तपासावंच लागतं.

आणि एक अडचण ग्रंथकारांसमोर नव्हती. अंधेरीच्या सीप्झमध्ये रात्रपाळी करून सकाळी सातला झोपणाऱ्या मुलीची ‘पहाट’ कुठली? तिचं ‘झोपताना’ म्हणजे तर सूर्योदय!

म्हणून पुढच्या वेळी नाडी दाखवाल, तेव्हा आपली ड्युटीही सांगा. कधी उठता, कधी जेवता, कधी झोपता. दहा वेळा सांगणाऱ्या वाग्भटालाही हेच तर जाणून घ्यायचं होतं.

भेटूया पुढच्या भागात!