भिंतीवरचीं पुटें

आमच्या परिचयाचें एक कुटुंब कॉटन ग्रीन स्टेशनाजवळच्या एका जुन्या चाळींत तीन पिढ्या राहिलेलें. घरांत मुंज निघाली तेव्हां आजीबाईंनीं आग्रह धरला कीं, मंगल कार्याला भिंतीस चुनाच हवा. भिंत होती तेलरंगाची, पिस्त्यासारखी हिरवी आणि ताटासारखी गुळगुळीत. तिच्यावर चुन्याचे दोन हात दिले; आणि चौथ्या दिवशीं, घाणा भरतांना, उखळांतल्या हळकुंडांवर पांढऱ्या खपल्या पडूं लागल्या. सर्वांनीं रंगाऱ्याला दोष दिला. आमच्या मतें दोष त्याचा थोडा आणि त्या भिंतीच्या इतिहासाचा अधिक.

कापसाच्या गाठी पूर्वीं कोटांत, टाऊन हॉलसमोरच्या हिरव्या मैदानावर रचीत. 1844 सालीं तो बाजार कुलाब्यास गेला, आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत, पोर्ट ट्रस्टनें समुद्र हटवून काढलेल्या शिवडीकडच्या जमिनीवर आला. मैदान मागें राहिलें. ‘ग्रीन’ हें नांव मात्र गाठींबरोबर निघून आलें. 3 फेब्रुवारी 1925 रोजीं विजेची पहिली गाडी बोरीबंदरहून कुर्ल्यास गेली ती याच हार्बर मार्गानें. त्याच सुमारास डेव्हलपमेंट खात्याच्या चाळी शिवडी, नायगांव, डिलाइल रोड व वरळी येथें उठल्या. एकेक खोली सुमारें 160 चौरस फुटांची.

एवढ्या जागेंत चूल, देव, पाळणा, आणि पाळी करून आलेला माणूस भिंतीला पाठ लावून बसणार. चुन्याची भिंत कोणाच्याहि पाठीवर आपला ठसा उठविल्यावांचून राहत नाहीं. म्हणून हात चार पैसे राखूं लागतांच माणसें पहिली गोष्ट करीत ती ही कीं, खांद्याइतक्या उंचीपर्यंत तेलरंगाचा पट्टा ओढीत. त्यावरची काजळी साबणानें निघे, लेकरांचे हात निघत. शेजारणींच्या नजरेंत त्या पट्ट्याची किंमत दागिन्याहून फारशी कमी नसे. पुढें तो पट्टा चढत चढत छतापर्यंत पोहोंचला.

रंगहि जवळच मिळूं लागला होता. लोअर परळास 1920 सालीं गॅहॅगन पेंट्स हा कारखाना निघाला. 1933 सालीं तो ‘लेड इंडस्ट्रीज ग्रुप’ या विलायती कंपनीनें घेतला, आणि त्याचें गुडलास वॉल झालें. धन्याच्या नांवांतच शिसें होतें, हें ध्यानांत ठेवावें. दुसऱ्या महायुद्धांत परदेशी माल येईनासा झाला, तेव्हां 1942 सालीं गिरगांवांत चार मित्रांनीं एका गॅरेजमध्यें एशियन पेंट्सचा आरंभ केला. या रंगांतलें जवसाचें तेल ज्या बियांचें, तें पीक आमच्या नागपुराकडे पिढ्यान्‌पिढ्या होत आलें आहे, आणि मुंबई बंदरांतून तें विलायतेस जात असे; हा एक जाणून घेण्याजोगा फेरा.

आतां चुना कां बसेना? विझविलेला चुना भिंतीच्या छिद्रांत शिरतो, हवेंतला कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि पुनः दगड होतो. तेलाचा रंग हवेंतला प्राणवायु घेऊन चिवट कातड्यासारखा घट्ट होतो व सारीं छिद्रें बुजवितो. शिवाय चुना हा क्षार; तेलाशीं त्याची गांठ पडली कीं त्याचा साबण होऊं लागतो. ओल्या, ताज्या गिलाव्यावर घाईनें दिलेला तेलरंग याच कारणानें बिघडतो. तात्पर्य, चुन्यावरून तेलाकडे जातां येतें, परत येतां येत नाहीं. हल्लींचे पाण्यांत मिसळणारे प्लॅस्टिक रंगहि चकचकीत तेलरंगावर नुसते फासले तर पुढच्या पावसाळ्यांत पापडासारखे सुटतात. स्पिरिटांत भिजविलेला बोळा भिंतीवर घासावा. रंग बोळ्याला लागला तर तो पाण्याचा, न लागला तर बहुधा तेलाचा. मग सोड्यानें धुणें, काचकागदानें चकाकी मोडणें, अस्तर देणें, खड्डे लांबीनें भरणें, हें सारें आलें.

यांतलें काचकागदाचें काम मात्र आम्हांस भिववितें. जुन्या तेलरंगांत शिशाचा सफेता असे. 1921 सालीं जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें, कांहीं अपवाद सोडून, घरांच्या आंतून तो वापरण्यास मनाई करणारा करार केला. आमच्याकडे रंगांतल्या शिशाला दहा लक्ष भागांत 90 ही मर्यादा घालणारे नियम 2016 सालीं झाले आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून अमलांत आले. मध्यें 96 वर्षें गेलीं. तेवढ्या काळांत भिंतींवर किती पुटें चढलीं! शाबूत पुटाखालचें शिसें कोणास उपद्रव देत नाहीं. कोरडें खरवडलें कीं त्याची धूळ होते, आणि रांगणाऱ्या मुलाचे हात जमिनीवरून सरळ तोंडांत जातात. शिशानें मुलांची बुद्धि खुंटते, आणि झालेली हानि बहुधा भरून येत नाहीं. म्हणून सुटलेला भाग तेवढाच घासावा, तोहि ओल्या कागदानें, आणि खोली झाडूं नये, ओल्या फडक्यानें पुसावी.

मुंज उरकल्यावर त्या घरीं असेंच केलें. मुलें चार दिवस दादरला मावशीकडे धाडलीं. रंगारी दुसऱ्यांदा आला, तो बादली घेऊनच. देवघराच्या कोनाड्याशीं एक रुपयाएवढा तुकडा आधींच सुटलेला होता. तेथें हिरवें, मग आकाशी, मग पिवळसर, अशीं कड्यांमागून कडीं दिसत होतीं, आणि अगदीं आंत, निळीची झांक असलेला, पहिल्या बिऱ्हाडाचा चुना. आजीबाई म्हणाल्या, एवढें राहूं द्या. रंगाऱ्यानें तेवढा भाग सोडून अस्तर ओढलें.