ग्राफिक्स कार्डाची सोयरीक



गेम खेळायच्या जुन्या संगणकाचे ग्राफिक्स कार्ड गेले, की घरात दोन तट पडतात. तरुण म्हणतात, बाजारातले सर्वात वेगवान कार्ड आणू. वडीलधारे म्हणतात, दहा वर्षांचे खोके ते, भंगारात द्या! मला वाटते, दोघांनीही आधी या कार्डांचा तीस वर्षांचा इतिहास बघावा. त्यात एकच गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. कार्ड किती गुणाचे हे महत्त्वाचे, पण ते ज्या घरी नांदायला जाते ते घर कसे, हे त्याहून महत्त्वाचे.

नातेवाईक मंडळींसाठी थोडे सोपे करून सांगतो. पडद्यावर लाखो ठिपके असतात. गेम चालू असताना प्रत्येक ठिपक्याचा रंग सेकंदाला तीस-साठ वेळा नव्याने ठरवावा लागतो. मुख्य प्रोसेसर म्हणजे एक हुशार हेडमास्तर, पण एकट्याने इतक्या वह्या तो कुठवर तपासणार? ग्राफिक्स कार्डात अनेक छोटे हिशेबनीस एकाच वेळी कामाला लागतात. १९९३ सालच्या 'डूम'मध्ये हे सारे काम मुख्य प्रोसेसरच करत होता.

१९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स या अमेरिकन कंपनीचे 'व्हूडू' आले. त्याची स्मृती फक्त ४ एमबी, आणि साधे चित्र त्याला दाखवताच येत नसे! जुने कार्ड तसेच ठेवायचे, त्याची केबल व्हूडूत आणायची आणि तिथून मॉनिटरला जोडायची. पण ते साध्या पीसीआय स्लॉटमध्ये बसे. म्हणजे घरातला संगणक न मोडता त्याला नवे डोळे मिळाले. १९९७ च्या सुरुवातीला 'क्वेक' या गेमची अशा कार्डांवर चालणारी आवृत्ती आली आणि लोकांना फरक डोळ्यांनी दिसला. माझ्या मते व्हूडूच्या यशाचे अर्धे श्रेय त्या साध्या स्लॉटला आहे.

याच कंपनीने २००० साली 'व्हूडू ५'चे चार चिपांचे एक मॉडेल तयार केले. ते इतकी वीज मागे, की बाहेरून वेगळा पॉवर सप्लाय जोडावा लागणार होता. ते कार्ड कधी रीतसर विक्रीला आलेच नाही. डिसेंबर २००० मध्ये कंपनीने आपली मालमत्ता एनव्हिडियाला विकायचे ठरवले. बुडण्याची कारणे अनेक होती, पण घराला न झेपणारे कार्ड ही त्या शेवटाची खूण म्हणून लक्षात राहते.

दरम्यान १९९७ पासून कार्डासाठी एजीपी नावाचा खास स्लॉट आला होता. पीसीआयची वाट सेकंदाला १३३ एमबीची आणि तीही इतर कार्डांबरोबर वाटून घ्यायची. एजीपीची वाट स्वतंत्र होती आणि शेवटी ती २१०० एमबीच्या पुढे गेली. पण त्यातही जुने ३.३ व्होल्टचे आणि नंतरचे १.५ व्होल्टचे असे भेद होते. मग २००४ मध्ये पीसीआय एक्स्प्रेसचे मदरबोर्ड आले, आणि एजीपीवाल्यांची पंचाईत झाली. नवे कार्ड जुन्या स्लॉटमध्ये शिरेचना! कार्डासाठी मदरबोर्ड बदलायचा, तर बहुधा प्रोसेसर आणि रॅमही बदलावी लागे. काही कंपन्यांनी मधे दुभाषी चिप बसवून एजीपीसाठी कार्डे काढली. २००८ मध्येही रेडिऑन एचडी ३८५० एजीपीत मिळत होते. पण तो उतरता काळ होता.

पीसीआय एक्स्प्रेसने एक शहाणपण केले. आवृत्त्या बदलल्या, वेग दुपटीने वाढत गेला, पण स्लॉटचा आकार तोच राहिला. म्हणून आज दहा वर्षांच्या संगणकात नवे कार्ड बसते. आणि इथेच नवा सापळा आहे. बसते म्हणजे नांदतेच असे नाही.

आमच्या नातवाचा संगणक २०१४ चा, इंटेलच्या चौथ्या पिढीचा. कार्ड गेल्यावर त्याने यादी केली. त्यात रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी होते, २०२२ चे. "आजोबा, हे नवं आहे!" नवे खरे, पण त्याचा मार्ग फक्त चार पदरी, आणि त्याचा मदरबोर्ड तिसऱ्या आवृत्तीचा. ४ जीबी स्मृती भरली, की ते अशा मदरबोर्डावर अडखळते. दुसरे होते इंटेलचे आर्क. त्याला मदरबोर्डात 'रिसाइजेबल बार' ही सोय लागते, ती नसली तर त्याचा वेग बराच घटतो.

मग विजेचा हिशेब. स्लॉट ७५ वॅट देतो. त्याहून जास्त हवे तर एसएमपीएसमधून सहा पिनांची (आणखी ७५) किंवा आठ पिनांची (१५०) तार हवी. आम्ही कॅबिनेट उघडले, तर अशी एकही तार नव्हती!

उरली ती स्लॉटच्या विजेवर चालणारी कार्डे. जीटीएक्स ७५० टीआय (२०१४), १०५० टीआय (२०१६) आणि १६५० (२०१९). पहिल्या दोघांच्या पिढ्यांना एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर गेमसाठीचे नवे ड्रायव्हर देणे थांबवले. १६५० त्या यादीत नाही. मात्र त्यातही जादा तार मागणारी मॉडेले आहेत, म्हणून फोटो बघून आम्ही बिनतारेचे निवडले. वापरलेले घेतले, कमी पैशात. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ चौथ्या पिढीला अधिकृतपणे घरात घेत नाही. अशा घरावर फार खर्च कशाला करायचा?

वापरलेले कार्ड घेताना आणखी एक तारीख ध्यानात ठेवा. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाचे कार्डांवरचे खाणकाम बंद झाले आणि त्यासाठी रात्रंदिवस राबलेली कार्डे जुन्या बाजारात आली. तेव्हा लॅमिंग्टन रोडवर जा की नेटवर घ्या, पंखा फिरवून आणि एखादा गेम अर्धा तास चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

तात्पर्य काय, तर आधी कॅबिनेट उघडा. स्लॉट कुठला, तारा किती, जागा किती इंच, एसएमपीएस किती वॅटचा हे कागदावर लिहा, आणि तो कागद खिशात घालून मगच बाजारात जा.

आणि हो, कुणाच्या माळ्यावर अजून एजीपीचे कार्ड असेल तर जरूर कळवा!